मुंबईच्या वास्तूंचे एचडीआर छायाचित्रण : तीन एक्स्पोजर आणि कातरवेळेची वीस मिनिटे

सकाळी अपोलो बंदरावर शहराच्या बाजूला उभे राहून गेटवे ऑफ इंडियाकडे पाहिले, तर सूर्य कमानीच्या मागे, पाण्याच्या दिशेला असतो. आपल्या डोळ्यांना त्या वेळी ढगांच्या कडाही दिसतात आणि पिवळसर बेसॉल्टमधील जाळीचे नक्षीकामही दिसते. कॅमेऱ्याला मात्र ही दोन्ही एका फोटोत सहसा सामावता येत नाहीत. आकाश नीट आले की कमान काळी पडते आणि कमान उजळली की आकाश पांढरेफटक होते. एकाच चौकटीचे कमी-अधिक उजेडाचे अनेक फोटो घेऊन ते एकत्र करणे, म्हणजेच एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज), हा त्यावरचा मार्ग आहे. कल्पना डिजिटल कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच छायाचित्र छापले होते.

प्रत्येक दृश्याला एचडीआरची गरज नसते, आणि ती आहे की नाही हे बव्हंशी दिशेवरून कळते. ओव्हल मैदानातून दिसणारा राजाबाई टॉवर मैदानाच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी तो सावलीत असतो, तर दुपार कलल्यावर ऊन थेट त्याच्या दर्शनी भागावर येते. तेव्हा रॉ स्वरूपातला (म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणारा, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) एक फोटो पुरतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा दर्शनी भागही पश्चिमेकडे असल्याने तेथेही हाच हिशेब लागू होतो. प्रवासात वेळ मोजका असतो, म्हणून कोणती वास्तू सकाळी आणि कोणती संध्याकाळी हे नकाशावर आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे.

कॅमेऱ्याची मांडणी एकदा समजली की ती सगळीकडे तीच राहते. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचे छिद्र आपण ठरवतो, शटरचा वेळ कॅमेरा) किंवा मॅन्युअल (दोन्ही आपण ठरवतो) मोड ठेवावा, अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि फाइल रॉ. ऑटो आयएसओ आठवणीने बंद करावा; तो चालू राहिला, तर काही कॅमेरे उजळ फोटोसाठी शटरचा वेळ वाढवण्याऐवजी आयएसओ वाढवतात आणि सावल्यांत दाणे येतात. तिन्ही फोटोंत बदलायचा तो फक्त शटरचा वेळ, कारण अ‍ॅपर्चर बदलले तर स्पष्टतेची खोली (किती अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसते ते) बदलते आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. त्याच कारणासाठी फोकस एकदा साधून मॅन्युअलवर आणावा. ब्रॅकेटिंगमध्ये (कमी-अधिक उजेडाचे फोटो आपोआप घेण्याच्या सोयीत) उणे दोन, शून्य आणि अधिक दोन स्टॉप असे तीन फोटो लावावेत. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, तेव्हा दोन स्टॉप म्हणजे चौपट फरक. फोटो घेतल्यावर हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) पाहावा: सर्वांत गडद फोटोत आलेख उजव्या कडेला आदळू नये आणि सर्वांत उजळ फोटोत डाव्या कडेला चिकटू नये. तसे होत असेल, तर पाच फोटो घ्यावेत. रात्रीच्या दृश्यातले दिवे तरीही पांढरे राहतील. त्यांची चिंता करू नये.

माझ्या मते मुंबईत एचडीआरची सर्वांत सुंदर वेळ कातरवेळेची आहे. सूर्यास्तानंतरचा उपयोगी संधिप्रकाश येथे जेमतेम वीस-बावीस मिनिटे टिकतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास, तर जूनअखेरीस सव्वासातनंतर होतो, म्हणून त्याआधी किमान अर्धा तास जागेवर पोहोचावे. १८७८ मध्ये बांधकाम सुरू झालेली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली टर्मिनसची इमारत महापालिका मुख्यालयाच्या बाजूच्या पदपथावरून पाहावी. दिवे लागलेले असतात, आकाशात निळाई शिल्लक असते आणि घुमट या दोन्हींच्या मध्ये ठळक उभा दिसतो. त्या प्रकाशात शून्य स्टॉपच्या फोटोला दोन सेकंद लागले, तर गडद फोटोला अर्धा सेकंद आणि उजळ फोटोला आठ सेकंद लागतील. त्या आठ सेकंदांत बेस्टच्या बसचे दिवे लांब रेषा बनतात. त्या हव्या असतील, तर फोटो जोडताना घोस्टिंग (हलत्या वस्तूंच्या भुतासारख्या छाया) काढण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर सॉफ्टवेअर त्या रेषा अर्धवट पुसते.

ट्रायपॉडची मधली दांडी वर न काढता पाय पुरते पसरावेत, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि लेन्समधील स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद करावे. मरीन ड्राइव्हवर वारा जोरात असतो. मधल्या दांडीच्या खालच्या हुकला बॅग टांगली की ट्रायपॉड स्थिर राहतो. चांगल्या कोनासाठी ओल्या टेट्रापॉडवर मात्र कधीही उतरू नये. पादचारी पुलावर माणसे चालत असताना पूल थरथरतो, तेव्हा गर्दीतला खंड पाहूनच शटर दाबावे. स्थानकाच्या आत ट्रायपॉड उघडण्यापूर्वी परवानगी विचारावी, आणि ट्रायपॉड चालणारच नसेल तर कॅमेरा कठड्यावर बॅगेवर टेकवून तीन फोटो सलग घ्यावेत. हातात धरूनही ते जमते. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो. येथे एक अडचण ध्यानात ठेवावी. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि शटर फार वेगवान असेल तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. दिव्यांच्या दृश्यात गडद फोटोचाही वेग सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त ठेवू नये.

वांद्र्याच्या किल्ल्यावरून दिसणारा सागरी सेतू मात्र संयमाची परीक्षा घेतो. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या बारीक केबली तेजस्वी आकाशासमोर असतात, आणि घाईने केलेल्या एचडीआरमध्ये त्यांच्याभोवती पांढरी वलये येतात. लाटा प्रत्येक फोटोत वेगळ्या असल्याने पाण्यावर ठिगळेही दिसतात. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे पाणी एकाच फोटोतून घेऊन मास्कच्या (फोटोचा ठरावीक भागच दाखवणाऱ्या आवरणाच्या) साहाय्याने बसवणे. माणसे, बोटी आणि वाऱ्याने हलणारी झाडे यांनाही हाच नियम लावावा.

फोटो जोडण्यासाठी लाइटरूममधील फोटो मर्ज सोयीचे आहे. पैसे खर्च करायचे नसतील तर लुमिनन्स एचडीआर मोफत मिळते. जोडून झाल्यावर टोन मॅपिंग (उजेडाचा मोठा पल्ला पडद्यावर दिसेल असा बसवणे) करताना लोकल कॉन्ट्रास्टची (जवळजवळच्या भागांतील उजेडाच्या फरकाची) पट्टी एकदा पुढे सरकवून परिणाम पाहावा आणि मग निम्म्याहून मागे आणावी. दगडाचा रंग राखी होऊ लागला, ढग काजळले किंवा मनोऱ्याभोवती उजळ कड दिसू लागली, तर आपण मर्यादा ओलांडली आहे असे समजावे. कमानीखालच्या सावल्या सावल्याच राहू द्याव्यात, कारण त्या काढल्या तर दगडाची खोली जाते आणि गोथिक नक्षी कागदावर छापल्यासारखी सपाट दिसते.

हॉटेलच्या एसीतून बाहेर पडताना, विशेषतः पावसाळ्याच्या दमट दिवसांत, लेन्सवर बाष्प धरते. कॅमेरा बंद बॅगेतच वीसेक मिनिटे बाहेरच्या हवेला येऊ द्यावा आणि मगच बाहेर काढावा. समुद्राजवळ काचेवर क्षाराचा थर बसतो, म्हणून दर काही फोटोंनंतर काच स्वच्छ मऊ कापडाने पुसावी. बॅग भरण्यापूर्वी ब्रॅकेटिंग बंद करून आयएसओ आणि फोकस पुन्हा नेहमीसारखे लावून ठेवावेत.