गोव्यात मिनीबस चालवायची तर लायसन्स कोणतं?

सीट मोजू नका, आरसी बुकातलं एकूण वजन (भरलेल्या गाडीचं) बघा. ७५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये हे पक्कं केलं. घोटाळा होतो तो इथेच: बस दिसायला छोटी, पण वजन त्याहून जास्त. मग ट्रान्सपोर्ट, म्हणजे व्यावसायिक वाहनाचं लायसन्सच हवं. त्यासाठी वय किमान २०, एलएमव्ही लायसन्स वर्षभर जुनं, डॉक्टरांचा फॉर्म १ए (तब्येतीचा दाखला) आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (प्रशिक्षणाचा दाखला) लागतो. अर्ज सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर. भाड्याने प्रवासी नेणार असाल तर बॅज, म्हणजे प्रवासी वाहनाच्या ड्रायव्हरचा बिल्लाही काढा. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पाच वर्षं. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. सीझनच्या तोंडावर धावपळ नको, आधीच लायसन्सची तारीख तपासा.