गावच्या शाळेसाठी विशेष शिक्षक मागायचा तर

दिव्यांग मुलाच्या शिकण्याचं विचारलं, की “सांभाळून घेतो हो आम्ही त्याला,” असं शाळा म्हणते आणि पालक ओशाळून घरी येतात. मूल मागच्या बाकावर बसतं, हजेरी लागते, खिचडी खाऊन घरी येतं. कर्णबधिर किंवा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण घेतलेलं माणूस मात्र शाळेकडे क्वचितच फिरकतं. एकेका विशेष शिक्षकाच्या वाट्याला इतक्या शाळा आल्या, की पुन्हा आपली पाळी कधी येणार हे त्यालाही सांगता येत नाही. गुरुजी कितीही भले असले तरी पदं आणि पैसा वरच मंजूर होतो, म्हणून मागणीही वरपर्यंत जायला हवी. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेपुरती तिची वाट अशी.

आधी मुलं कागदावर आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सरकारी नियोजनाला मूल दिसतं ते यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत. 2022-23 पासून ही नोंद विद्यार्थीनिहाय होते आणि तीत दिव्यांगत्वाची माहितीही भरायची असते. तिथे ‘नाही’ असेल, तर तुमचं मूल शाळेत रोज बसूनही हिशेबात नाही. मुख्याध्यापकांना भेटा आणि आपल्या मुलाची नोंद संगणकावर दाखवायला सांगा. चूक निघाली तर दुरुस्तीचा अर्ज लेखी द्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण) त्यात येतात. ‘अभ्यासात ढ’ म्हणून सोडून दिलेली किती मुलं या दुसऱ्या प्रकारातली असतील, कोण जाणे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, तेव्हा प्रमाणपत्राच्या मागे लागाच. पण ते हातात नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला गावच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

मग आपल्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) बाकी शाळांच्या पालकांना गाठा. शाळेत न येणारी मुलं आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना माहीत असतात. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात आला, तेव्हा तीही मोजा. यादीत इयत्ता आणि गरज लिहा. मुलांची नावं मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका.

आकडा मांडा

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला दर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना दर 15 मागे एक. कायमची भरती होईपर्यंत शाळांच्या समूहासाठी फिरते शिक्षक चालतील, असंही म्हटलं. म्हणजे केंद्रातल्या प्राथमिक शाळांत समजा 40 मुलं निघाली, तर मागणी चार शिक्षकांची. ‘शिक्षक वाढवून मिळावेत ही विनंती’ असल्या अर्जाचं काय होतं ते आपण सगळे जाणतो.

ठराव करून घ्या

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार तोच सरकारी अनुदानाचा आधार असतो. बऱ्याच ठिकाणी तो मुख्याध्यापकच भरतात आणि सदस्य सह्या करतात. तुम्ही तसं करू नका. बैठकीत एवढंच मांडा :

“आपल्या शाळेत दिव्यांग विद्यार्थी __ असून विशेष शिक्षक आठवड्यातून __ दिवस येतात. न्यायालयाने ठरवलेल्या प्रमाणानुसार शिक्षक मिळावेत, ही मागणी विकास आराखड्यात समाविष्ट करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. सूचक __, अनुमोदक __.”

इतिवृत्तात लिहून झाल्याशिवाय उठू नका. रॅम्प, कमोडचं स्वच्छतागृह यांसाठी ग्रामसभेत जा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात.

पत्र आणि पोहोच

ठरावाची प्रत जोडून पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. प्रती जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना आणि समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची सरकारी योजना राबवणाऱ्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेला पाठवा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. “साहेब आले की देतो” म्हणाले तर थांबा, शिक्का द्यायला साहेब लागत नाहीत. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात यायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच हे उरका. आर्थिक वर्ष संपत आल्यावर गेलेल्या पत्राला ‘तरतूद नाही’ हे उत्तर तयारच असतं.

त्याच पत्रात समग्र शिक्षेतल्या तरतुदींचाही जाब विचारा : दर दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत, शिवाय दिव्यांग मुलींना दहा महिने दरमहा 200 रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती कुठे गेली हे विचारलं की कार्यालय जागं होतं.

उत्तर नाही आलं तर

माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत, म्हणून पाल्हाळ नको. तालुक्यात विशेष शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांनी दिलेल्या शाळाभेटींच्या नोंदींच्या प्रती, एवढं मागा. ‘का भरली नाहीत’ असं विचारू नका. कारण विचारलं की अर्ज फेटाळायला जागा मिळते.

ती माहिती जोडून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांनी शिफारस केली, तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. हाच कागद आमदारांकडेही न्या, पण निवेदन देऊन फोटो काढून परतू नका. मंजूर पदं, रिक्त पदं आणि तालुक्यातली मुलं असे तीन आकडे घालून विधानसभेचा तारांकित प्रश्नच (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) लिहून द्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न बरेच आठवडे आधी द्यावे लागतात, तेव्हा आमदारांच्या स्वीय सहायकांकडून शेवटची तारीख दसऱ्याच्या सुमारासच विचारून ठेवा.