प्राण्यांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास करताना या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पशुवैद्यकीय पदवीसाठी परभणी, उदगीर, शिरवळ किंवा नागपूरला गेलेले विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत गावी आले की त्यांच्यापैकी काही जण माझ्यासोबत रुग्ण पाहायला येतात. बारा कपालतंत्रिकांची (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांची) नावे त्यांना क्रमाने पाठ असतात, मोबाईलमध्ये शेकडो पानांच्या नोट्स असतात; तरीही गोठ्यात बसून राहिलेली गाय समोर आली की बिघाड मेंदूत आहे, मज्जारज्जूत आहे की पायाच्या एखाद्या तंत्रिकेत, हे सांगताना ते अडखळतात. त्यांच्याकडे साधनांची कमतरता नसते. हाती घेतलेले साधन कोणत्या प्राण्याविषयी बोलते आहे, हे पाहण्याची सवय मात्र त्यांना लागलेली नसते.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे माणसाच्या मज्जासंस्थेवरील व्हिडिओ पाहून जनावराची मज्जासंस्था शिकणे. हे व्हिडिओ सुबक असतात, सहज मिळतात आणि मूळ कल्पना समजण्यास उपयोगीही पडतात. पण माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याजवळ (कमरेच्या मणक्याजवळ) संपतो, कुत्र्याचा सहाव्या-सातव्या कटिमणक्याजवळ, तर गाईचा थेट त्रिकास्थीपर्यंत (कमरेमागच्या जोडलेल्या मणक्यांच्या हाडापर्यंत) पोहोचतो. कटिमणकेही सारखे नसतात: माणसात ५, गाईत व घोड्यात ६ आणि कुत्र्यात ७ असतात. माणसात मेंदूच्या बाह्यकापासून (वरच्या थरापासून) निघणारा पिरॅमिडल मार्ग ऐच्छिक हालचालीसाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, म्हणून त्या भागाला इजा झाली की शरीराची एक बाजू लुळी पडते. खुरवाल्या प्राण्यांत हा मार्ग दुबळा असून बहुतांशी मानेच्या भागातच संपतो. त्यामुळे मोठ्या मेंदूला इजा झालेली गाय आंधळी होईल, गोल फिरेल, भिंतीला डोके लावून उभी राहील, पण पुष्कळदा चारही पायांवर नीट चालेल. माणसावरून शिकलेला विद्यार्थी ती चालते म्हणून मेंदूचा आजार नाही, असा निष्कर्ष काढतो आणि तो चुकतो.

शब्दांचाही गोंधळ इथूनच सुरू होतो. माणूस उभा असतो आणि जनावर आडवे, म्हणून मानवी शरीरशास्त्रातील ‘अँटीरिअर’ व ‘पोस्टीरिअर’ हे शब्द पशुवैद्यकात धडाच्या बाबतीत ‘व्हेंट्रल’ (पोटाकडचा) व ‘डॉर्सल’ (पाठीकडचा) असे, तर ‘सुपीरिअर’ व ‘इन्फीरिअर’ हे ‘क्रॅनिअल’ (डोक्याकडचा) व ‘कॉडल’ (शेपटीकडचा) असे बदलतात. दोन साधने परस्परविरोधी वाटू लागली की आधी दोन्हींतील प्राणी आणि दोन्हींतील परिभाषा तपासावी. बहुतेक वेळा विरोध तिथेच मिटतो. आपल्याकडील जुने ग्रंथ बहुधा घोडा हा नमुना धरून लिहिलेले आहेत आणि आजारांवरील व्हिडिओ बहुधा कुत्र्या-मांजरांचे असतात. मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे आणि त्यात आजारांची माहिती प्राण्यांनुसार मिळते, म्हणून पडताळणीसाठी मी तेच सुचवतो. मात्र रचना शिकण्यासाठी ते पुरेसे नाही. त्यासाठी आकृत्यांचा ग्रंथ आणि प्रत्यक्ष नमुना हवाच.

दुसरी चूक म्हणजे मज्जारज्जूचा खंड (तंत्रिकांची एक जोडी जिथून निघते तो भाग) आणि मणका एकच समजणे. मानेत मणके ७ असतात, पण ग्रीवा तंत्रिकांच्या जोड्या ८ असतात. वाढीच्या काळात मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा कमी लांबतो, म्हणून त्याचे मागचे खंड स्वतःच्या मणक्याच्या पुढे राहतात. कुत्र्यात लघवीवर नियंत्रण ठेवणारे त्रिक खंड सर्वसाधारणपणे पाचव्या कटिमणक्यातच असतात. कुत्र्याचे लघवीवरील नियंत्रण गेले आणि विद्यार्थी एक्स-रेमध्ये फक्त त्रिकास्थीकडे पाहत राहिला, तर खरा घाव त्याच्या नजरेतून निसटू शकतो. यावर पाठांतराचा उपाय चालत नाही. कोऱ्या कागदावर एका ओळीत मणके, तिच्याखाली दुसऱ्या ओळीत खंड, असे चित्र स्वतःच्या हाताने काढावे आणि प्रत्येक प्राण्यासाठी वेगळे काढावे.

परिघीय तंत्रिकांचा (मेंदू व मज्जारज्जूबाहेरच्या नसांचा) धडा ‘कमी गुणांचा’ म्हणून सोडून देणे ही तिसरी चूक आहे, आणि खानदेशात काम करू इच्छिणाऱ्याने तर ती मुळीच करू नये. पत्री मारण्यासाठी बैलाला दोर बांधून पाडतात आणि तो कठीण जमिनीवर एका कुशीवर बराच वेळ दाबलेला राहतो. उठल्यावर त्याचा कोपर खाली लोंबतो, पुढचा पाय पुढे टाकता येत नाही आणि खुराचा पुढचा भाग जमिनीवर घासतो. हा रेडियल तंत्रिकेचा पक्षाघात आहे. खांद्यावर मार किंवा दाब बसून सुप्रास्कॅप्युलर तंत्रिका दुखावली, तर खांद्याचे स्नायू आटतात आणि फऱ्याच्या हाडाची कड वर उठून दिसते. अवघड प्रसूतीनंतर गाईचे मागचे पाय फाकत असतील, तर ऑब्ट्युरेटर तंत्रिकेबरोबर सायटिक तंत्रिकेच्या मुळांचाही विचार करावा, कारण श्रोणीतून (कमरेच्या हाडांच्या पोकळीतून) जाताना दोन्ही दाबल्या जाऊ शकतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणाऱ्यांनी एखाद्या घोड्याचा ओठ एका बाजूला ओढलेला दिसतो का, हे जरूर पाहावे. मोरखीच्या कडीखाली गालावरील चेहऱ्याच्या तंत्रिकेच्या शाखा दाबल्या गेल्या की असे होते, आणि ओठ वळतो तो निरोगी बाजूकडे. पुस्तकातील ही ओळ एकदा डोळ्यांनी पाहिली की विसरत नाही.

भूल देताना प्राण्यांमधील हाच फरक उपचाराचा भाग होतो. गाईच्या शिंगासाठी कॉर्न्युअल तंत्रिका बधिर करणे बहुधा पुरते. शेळीत मात्र शिंगाला इन्फ्राट्रॉक्लिअर तंत्रिकेचीही शाखा जाते, म्हणून प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी टोचावे लागते. गाईचे चित्र पाठ करून शेळीवर काम केल्यास तिला विनाकारण वेदना होतात. करडांमध्ये लिग्नोकेनची (बधिर करणाऱ्या औषधाची) मात्रा वजन करून ठरवावी, अंदाजाने नव्हे.

लक्षण दिसले की थेट आजाराच्या नावावर उडी मारणे ही चौथी चूक आहे, आणि प्रश्नोत्तरांच्या ॲपवर अभ्यास करणाऱ्यांमध्ये ती मला विशेष दिसते. आंधळी शेळी आली की प्रथम डोळ्यात उजेड टाकावा. बाहुली आकुंचन पावत असेल आणि तरीही शेळीला दिसत नसेल, तर बिघाड मेंदूच्या बाह्यकात असण्याची शक्यता मोठी असते, जसे थायमिनच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेत होते; बाहुली हलतच नसेल, तर दृष्टिपटल किंवा दृष्टितंत्रिका तपासावी. याउलट शेळी एकाच बाजूला फिरते, त्याच बाजूचा कान लोंबतो, तोंडातून चारा गळतो आणि तिला मुरघास दिला जात होता, असे चित्र असेल तर मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा भाग) आणि लिस्टेरिया हे जिवाणू यांकडे लक्ष जायला हवे. हात दाखवून दचकण्याची चाचणी करताना हाताचा वारा डोळ्याला लागू देऊ नये, आणि नुकत्याच जन्मलेल्या वासरात ही प्रतिक्रिया नसते हेही लक्षात ठेवावे.

कॅल्शियमचे उदाहरण तर प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावे. व्यालेल्या गाईत कॅल्शियम घटले की ती ढिली पडते आणि बसते. पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीत कॅल्शियम घटले की तिला आचके येतात. गाईत तंत्रिका व स्नायू यांच्या सांध्यावर ॲसिटिलकोलीन हे संदेश पोहोचवणारे रसायन सुटणेच अडते, तर कुत्रीत ते सुटत राहते आणि तंत्रिकांची उत्तेजनक्षमता वाढते. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत येणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेतही हेच शरीरक्रियाशास्त्र कामी येते. ॲट्रोपिनने लाळ थांबते आणि श्वास मोकळा होतो, पण स्नायूंचे थरथरणे चालूच राहते, कारण ते निकोटिनिक ग्राहींमुळे होते आणि ॲट्रोपिन तिथे काम करत नाही. हे न समजलेला विद्यार्थी थरथर थांबवण्यासाठी ॲट्रोपिनच वाढवत नेतो. तिथे पॅम (प्रॅलिडॉक्सिम हे औषध) लागते, आणि तेही लवकर दिले तरच उपयोगी ठरते.

आता नमुन्याविषयी. मटणाच्या दुकानातून मिळणारा मेंढी किंवा बोकडाचा अखंड भेजा हे सर्वांत स्वस्त आणि उत्तम साधन आहे. विद्यार्थी तो ताजाच कापायला घेतात आणि त्याचा लगदा होतो. नमुन्याच्या किमान दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये तो एक ते दोन आठवडे ठेवावा, नंतर पाण्याने भरपूर धुवावा, हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करावे आणि घरातील स्वयंपाकाची सुरी वापरू नये. पहिला काप दोन्ही गोलार्धांच्या मधोमध उभा द्यावा.

मात्र आजारी पडून मेलेल्या जनावराची कवटी अभ्यासासाठी कोणीही स्वतःहून फोडू नये. लाळ गाळणारी, हंबरून घसा बसलेली गाय आली की घशात काही अडकले असेल या समजुतीने मालक तोंडात हात घालतो आणि विद्यार्थीही घालतो. ती गाय पिसाळलेली असू शकते. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने रेबीजची प्रतिबंधक लस पहिल्या वर्षीच घ्यावी. अशा रुग्णाचे निरीक्षण दुरून करावे, चित्रीकरणही दुरूनच करावे, आणि लाळेशी संपर्क आलाच तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.