कार्व्हरचं नाटक बसवताय? मग या चुका टाळा

गॅदरिंगचा सीझन आला की आपल्या यवतमाळ-वर्धा-अमरावतीकडच्या गावात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या अमेरिकेतल्या काळ्या शेतीशास्त्रज्ञावर नाटक बसवायचं बऱ्याच जणांच्या मनात येते, आणि यावंच, कारण वर्षानुवर्षं नुसता कापूस घेऊन जमीन कशी थकते आणि कास्तकार कर्जात कसा जाते हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 1896 मध्ये कार्व्हर अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला आला तेव्हा त्याच्यापुढं हेच होतं, आणि कापसाला आळीपाळीनं भुईमूग घ्या, जमीन सुधारते, असं तो सांगत राहिला. पण स्टेजवर दरवेळी त्याच त्याच चुका दिसतात, आणि त्यातली एक तर अशी आहे की तिच्यापायी अख्खा माणूसच हातचा जातो.

ती म्हणजे त्याचं विज्ञान आणि त्याचा देव वेगवेगळ्या सीनमध्ये टाकणं. एका सीनमध्ये पांढरा कोट, काचेच्या नळ्या, रंगीत पाणी, मग लाईट निळा होते, मागून पेटी वाजते आणि तोच माणूस गुडघ्यावर बसून प्रार्थना करते, झालं, परत नळ्या. अरे पण कार्व्हर असा दोन तुकड्यात जगलाच नाही ना! तो आपल्या प्रयोगशाळेला देवाचं छोटं वर्कशॉप म्हणायचा, पहाटे उठून एकटा रानात जायचा, हातात झाड घेऊन फिरायचा आणि ते झाड बघणं हीच त्याची प्रार्थना होती. टस्कीगीत पोरांसाठी तो रविवारी बायबलचा क्लास घ्यायचा, त्यातही झाडपाला, दगड असलं काहीबाही घेऊन यायचा. म्हणून प्रार्थनेचा वेगळा सीन काढूनच टाका आणि त्याच्या हातात कायम काहीतरी द्या, मुळासकट उपटलेलं रोप, मातीचं ढेकूळ, शेंग, आणि देवाबद्दल तो जे बोलेल ते त्या वस्तूकडं बघत बोलू द्या. ज्या मुलखात लोकांनी खराटा घेऊन गाव झाडणारे गाडगेबाबा पाहिले तिथं कामात भक्ती असते हे समजवायला निळा लाईट लागत नाही.

यातूनच दुसरी अडचण निघते, आकाशवाणी. देवानं शेंगदाण्याचं गुपित सांगितलं तो किस्सा कार्व्हर स्वतःच भाषणात सांगायचा, की मी देवाला विचारलं हे विश्व कशासाठी केलं, तर उत्तर आलं तुला झेपेल एवढं विचार, असं करत करत गाडी शेंगदाण्यावर आली. आता हे आपले पोट्टे इको लावून जाड आवाजात स्पीकरवरून देतात आणि गोष्टीतला सगळा गोडवा जाते. त्यालाच सांगू द्या, हसत, समोरच्या लोकांकडं बघून.

याच्या उलट काही मंडळी 'लोक काही म्हणतील' म्हणून येशूचं नावच गाळतात. तेही चूकच. श्रद्धा काढली तर 1924 चा प्रसंग कसा करणार? त्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये तो बोलून गेला की मी प्रयोगशाळेत पुस्तकं नेत नाही, देव सुचवते, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखातून त्याला झापलं की वैज्ञानिक असं बोलत नसतात. त्यानं पत्र लिहून उत्तर दिलं, आपण काय काय शिकलो, कोणाकोणाचं वाचलं ते सांगितलं, आणि प्रेरणा नि अभ्यास यात भांडण नाही हे मांडलं. हा सीन तर नाटकाचा कणा होऊ शकते. गावात कोणाला शंका असेल तर तालमीआधी चार मोठ्या माणसांना बोलावून स्क्रिप्ट वाचून दाखवा, नंतर कटकट होत नाही. आणि एक, तो प्रोटेस्टंट होता, त्याला सिनेमातल्यासारखं छातीवर क्रूस करायला लावू नका, प्रत्येक वाक्यात 'फादर, फादर'ही नको. जवळपास एखादं ख्रिस्ती कुटुंब असेल तर प्रार्थनेची भाषा त्यांच्याकडून तपासून घ्या, ते आनंदानं सांगतात.

माहितीच्या चुका तर विचारूच नका. पीनट बटर कार्व्हरनं शोधलं नाही, कॅनडाच्या मार्सेलस एडसनला 1884 मध्येच त्याचं पेटंट मिळालं होतं. कार्व्हरच्या नावावर पेटंट फक्त 3, आणि ती सौंदर्यप्रसाधन आणि रंगांची. त्याचं खरं मोठेपण 1916 च्या पुस्तिकेत आहे, भुईमूग कसा पेरायचा आणि त्याचे 105 पदार्थ कसे करायचे, गरीब कास्तकाराच्या घरात चालेल असं. आणि 1906 ची ती जेसप वॅगन, खेचराच्या गाडीवर अवजारं आणि बियाणं लादून शाळाच शेतात नेली. आपल्याकडं बंडी आहेच, बाप्पा, आणा की स्टेजवर!

बोंडअळीचा घोटाळाही ठरलेला. लहान पोरांना गुलाबी कापड गुंडाळून अळ्या करतात. अमेरिकेत कापूस ज्यानं खाल्ला तो सोंडवाला भुंगेरा होता, मेक्सिकोतून आलेला, आपली गुलाबी बोंडअळी नाही. समोर बसलेला कास्तकार पहिल्या मिनिटाला पकडते. तसंच जानेवारीत हरभरा उपटून आणून त्याला भुईमूग म्हणू नका. जमिनीला नत्र देणाऱ्या मुळावरच्या गाठी दाखवायच्या तर हरभरा चालते, पण हरभरा म्हणूनच दाखवा. भुईमुगासाठी दिवाळीच्या आगेमागे पीक निघते तेव्हाच चारदोन वेल शेंगांसकट सावलीत वाळवून ठेवा.

नावांचं पण बघा. बुकर टी. वॉशिंग्टन, ज्यानं त्याला टस्कीगीला बोलावलं, आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, दोघांतही वॉशिंग्टन, मागं बसलेल्या म्हाताऱ्याला पाच मिनिटांत काही कळत नाही कोण कोण आहे. एकाला 'बुकर साहेब' आणि दुसऱ्याला 'कार्व्हर' असं पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवा.

तोंडाला काळा रंग फासू नका. कृपा करून नका. गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाची गोष्ट सांगताना त्याच्या कातडीचा सोंगासारखा वापर करायचा नसते. ठिगळाचा जुना सूट आणि कोटाला रोज एक ताजं फूल, बस्स, तेवढ्यात माणूस उभा राहते.

सगळ्यात भारी सीन 1921 चा आहे, अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढचा, आणि तोच लोक भाषण करून मारतात. मुद्दा होता बाहेरून येणाऱ्या भुईमुगावरचा कर. त्याला 10 मिनिटं दिली होती, एकानं कलिंगडावरून हिणवलं (तिकडं काळ्या लोकांना असंच चिडवायचे), हा शांतपणे पेटीतून एकेक वस्तू काढत राहिला आणि तेच लोक त्याची वेळ वाढवत गेले. तिथंच त्यानं बायबलातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं, बी देणारी वनस्पती देवानं अन्न म्हणून दिली, ते सांगितलं. म्हणजे भुईमूग आणि बायबल एकाच दमात! इथं संवाद कमी आणि वस्तू जास्त ठेवा, दूध, पीठ, रंग, प्रत्येक वस्तू टेबलावर ठेवताना लाकडाचा आवाज ऐकू आला पाहिजे.

आणि आवाजावरून आठवलं, कार्व्हरचा आवाज लहानपणच्या आजारामुळं बारीक, उंच होता. गावातला सगळ्यात जाड आवाजाचा माणूस निवडायची गरज नाही, शांत बोलणारा शिक्षकही चालते, फक्त माईक त्याच्या बाजूला खाली टांगा आणि लाईन गेली तर जनरेटर स्टेजच्या मागं नको, शाळेच्या पलीकडं ठेवा, लांब वायर टाकून.