पुन्हा पियानोसमोर बसताना

लहानपणी पाच-सहा वर्षे शिकून सोडून दिलेल्या पियानोवर वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा हात ठेवला, की पहिली दहा मिनिटे फार फसवी असतात. परीक्षेसाठी घोटलेली एखादी रचना बोटांतून आपोआप बाहेर पडू लागते, आपण हरखून जातो, आणि आठव्या-दहाव्या बारपाशी, म्हणजे लिहिलेल्या संगीतात उभ्या रेघांनी पाडलेल्या तुकड्यापाशी, बोटे अचानक थबकतात. तेथून पुढे काही केल्या जाता येत नाही. पुन्हा पहिल्या बारपासूनच निघावे लागते. याचा अर्थ असा, की रचना आपल्याला येत नसते, फक्त हालचालींची साखळी उरलेली असते आणि तिची एक कडी गळाली आहे. कान मात्र मधल्या काळात कितीतरी ऐकून तयार झालेला असतो. कान पुढे आणि हात मागे, या ओढाताणीला कंटाळूनच बरेच जण दुसऱ्या महिन्यात पुन्हा झाकण लावून टाकतात.

म्हणून पहिला नियम असा, की जेथे सोडले होते तेथून सुरुवात करू नये. पियानोच्या परीक्षांची पाचवी ग्रेड, म्हणजे पायरी, झाली असेल तर दुसऱ्या ग्रेडचे पुस्तक काढावे. यात कमीपणा वाटतो, हे मी अनुभवाने सांगतो. मी तो कमीपणा न स्वीकारता थेट जुन्या अवघड सोनाटिनाला (छोटेखानी सोनाटा-रचनेला) हात घातला होता आणि तीन आठवड्यांत उजवे मनगट शेकत बसलो होतो.

घरात जुना अपराइट, म्हणजे उभ्या बांधणीचा, पियानो असेल, तर वाजवण्याआधी ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्याला, बोलवावे. आतल्या सुमारे 230 तारांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा असतो आणि वर्षानुवर्षे हात न लागलेल्या पियानोचा स्वर हळूहळू उतरत जातो. तो एका बैठकीत 440 हर्ट्झच्या ‘ए’पर्यंत, म्हणजे प्रमाण स्वरापर्यंत, चढवला तर लगेच पुन्हा ढळतो, शिवाय गंजलेली तार तुटण्याची भीती असते, म्हणून ट्यूनर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी फेरी मागेल, तेव्हा त्याच्या हेतूवर शंका घेऊ नये. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात दमट हवेचा त्रास निराळाच. जुलैमध्ये दाबलेली पट्टी वर येतच नाही, कारण लाकूड आणि नमदा (आतले दाबलेल्या लोकरीचे कापड) ओलाव्याने फुगलेले असतात. अशा वेळी शिवणयंत्राचे तेल आत सोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तेल नमद्यात मुरते आणि आठ दिवसांचे दुखणे कायमचे होते. खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून पियानो दूर ठेवणे, नमद्याला कसर लागली नाही ना हे पाहणे, एवढे आपल्या हाती असते.

पियानो नसेल तर डिजिटल घ्यावा. त्याला 88 पट्ट्या असाव्यात आणि त्या खऱ्या पियानोसारख्या वजनदार असाव्यात. हलक्या पट्ट्यांच्या 61 पट्टीच्या कीबोर्डवर सूर कळतात, पण बोटाच्या वजनाने आवाज लहानमोठा करण्याची सवय लागत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि रात्री दहानंतरच मोकळ्या होणाऱ्या माणसाला हेडफोन लावून वाजवता येणारा डिजिटल हा बिघडलेल्या खऱ्या पियानोपेक्षा केव्हाही बरा, असे माझे मत आहे. आसनाची उंची मात्र दोन्हीकडे सारखीच महत्त्वाची: कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत यावे. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुधा बुटकी पडते. तिच्यावर घडी घातलेली सतरंजी ठेवली तरी काम भागते.

आता प्रत्यक्ष सराव. परतणाऱ्यासाठी मला बुर्गम्युलर या जर्मन संगीतकाराच्या ऑपस 100 या संग्रहातील 25 छोट्या रचना सर्वांत उपयुक्त वाटतात, आणि त्यांतही दुसरी, ‘अराबेस्क’. ए मायनरमधील ही रचना दोन बार नुसत्या डाव्या हाताच्या कॉर्डनी, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांच्या गटांनी, सुरू होते आणि मग उजवा हात ए-बी-सी-बी-ए असा एक झोका घेतो. पहिल्या दिवशी हे पाच सूरच वाजवावेत. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला 60 वर ठेवून एका ठोक्याला एक सूर, मनगट सैल, आणि प्रत्येक सुराचा आवाज आधीच्याइतकाच यावा एवढेच पाहावे. अंगठ्याचा सूर हटकून धप्पकन पडतो; तो हलका होईपर्यंत गती वाढवू नये. मधल्या भागात हीच फिरकी डाव्या हाताकडे जाते, आणि तेथे आपले पितळ उघडे पडते. मधल्या काळात पेटी वाजवलेल्यांचे तर विशेष, कारण त्यांचा डावा हात भाता सांभाळण्यातच गुंतलेला असतो. यावर उपाय एकच: दररोजच्या सरावाची सुरुवात, मन ताजे असताना, डाव्या हाताने करावी.

रचना पहिल्या बारपासून शिकण्याऐवजी शेवटच्या चार बारपासून मागे मागे यावे, म्हणजे वाजवताना आपण नेहमी अनोळखीकडून ओळखीच्या भागाकडे जातो आणि अडखळल्यावर कोठूनही उचलता येते. रोज वीस मिनिटे पुरेत. रविवारी सलग तीन तास बसणे हा नोकरदारांचा आवडता, पण हाताला महागात पडणारा मार्ग आहे. कळ आली की थांबावे, ‘हा एवढा भाग संपवतो’ म्हणू नये. शेवटची पाच मिनिटे कधीही न पाहिलेले, अगदी पहिल्या ग्रेडचे नोटेशन वाचण्यासाठी राखावीत. वाचनाची सवय सर्वांत आधी जाते आणि तिच्यामुळेच इतर सगळे अडते.

शिक्षक शोधताना आपण प्रौढ असून पुन्हा सुरुवात करत आहोत, हे पहिल्याच भेटीत सांगावे आणि महिन्याला दोन तास मागावेत; दर आठवड्याच्या शिकवणीला सराव न करता जाण्याची लाज फार लवकर शिकवणीच बंद पाडते. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या संगीत-परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षांना वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे तारखेचा धाक ज्यांना मानवतो त्यांनी परीक्षेला जरूर बसावे. ज्यांना मानवत नाही त्यांनी घरातल्या एखाद्याला महिन्यातून एकदा समोर बसवून एक रचना पूर्ण वाजवून दाखवावी.

पहिले दोन महिने उजव्या पायाखालच्या पेडलला मात्र हात, म्हणजे पाय, लावू नये. ते दाबले की सूर एकमेकांत मिसळतात, सगळे भरदार वाटते आणि कोणते बोट उशिरा पडले हे ऐकूच येत नाही.