रिटायरमेंटचे पैसे खात्यात आले, आता काय करायचं?

सगळ्यात आधी, पीएफ-ग्रॅच्युइटीची रक्कम जमा झाली हे गावभर सांगू नका. आमच्या काकांचे पैसे आले त्याच आठवड्यात बँकेतला मुलगा घरी चहाला आला आणि वर्षाला दोन लाख हप्त्याची पॉलिसी गळ्यात मारून गेला, आता पगार बंद झालेला माणूस हप्ता भरणार कशातून हे कुणी विचारलंच नाही. नशीब की पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तशी केली.

मग खर्च काढा. अंदाजाने नाही, वर्षभराचं पासबुक घेऊन बसा, कारण किराणा-लाइटबिल सगळ्यांच्या लक्षात असतं पण सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, दिवाळी, लग्नातले आहेर हे विसरतात. त्यातून पेन्शन वजा करा. प्रायव्हेटवाल्यांची ईपीएसची, म्हणजे पीएफ ऑफिसकडून येणारी पेन्शन म्हणजे काही हजार, त्यात घर चालत नाही.

समजा महिन्याला २५ हजार कमी पडतायत. पोस्टातली सिनियर सिटिझन स्कीम, तिच्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के रेट धरला तर दर तीन महिन्यांनी ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पोस्टाच्याच मंथली इन्कम स्कीममध्ये एकाच्या नावावर ९ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०. झाले की २६ हजार. रेट सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण तुम्ही खातं उघडलं त्या दिवशीचाच पाच वर्षं राहतो. आणि ५८ ला रिटायर झाला असाल तर साठीची वाट बघू नका, पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सिनियर सिटिझन स्कीममध्ये भरले तर चालतात. बाकी कुठेच घाई नको, इथे मात्र करा.

आता खरी गोची. हे २६ हजार पाच वर्षांनीही २६ हजारच असणार, आणि महागाई ६ टक्के धरली तर आजचा ४० हजारांचा खर्च १२ वर्षांत ८० हजार होतो. म्हणून उरलेल्यातून आधी वर्षभराचा खर्च साध्या एफडीत बाजूला ठेवा आणि सात-आठ वर्षं हात लावायची गरज नाही तेवढेच इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर घेणारा म्युच्युअल फंड) टाका, तेही एकदम नाही, वर्ष-दीड वर्षात थोडे थोडे. मार्केट पडलं तर एफडीतून खायचं, फंड विकायचा नाही, बस.

अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी एफडी एकाच सहकारी बँकेत नको. बँक बुडाली तर ठेवींना मिळणारं विम्याचं कव्हर एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, व्याजासकट ५ लाखच. पतसंस्थेला तर हे कव्हर नाहीच, चेअरमन कितीही ओळखीचे असोत.

मेडिक्लेम मात्र रिटायर व्हायच्या तीन वर्षं आधी स्वतःचा घ्या. कंपनीचा कव्हर नोकरीबरोबर जातो आणि बीपी-शुगर असेल तर नव्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं.

नॉमिनी सगळीकडे तपासा. आणि एकदा बायकोला एकटीला पोस्टात पाठवून पैसे काढून आणायला सांगा. आमच्या काकूंना स्लिप कुठली भरायची तेच माहीत नव्हतं, चाळीस वर्षं सगळं काकाच करत आले ना.