सुनामीचा इशारा आला आणि तुम्ही बीचवर निघालात? या चुका टाळा

११ एप्रिल २०१२ ची दुपार. सुमात्राजवळ ८.६ चा भूकंप झाला, दोन तासांनी परत ८.२ चा, टीव्हीवर सुनामी सुनामी सुरू, आणि गोव्यात आमच्या मांद्र्यात लोक काय करत होते तर स्कूटर काढून लाट बघायला चालले होते. मी पण गेलेलो, खोटं कशाला बोलू. आलं काहीच नाही, कारण त्या भूकंपात समुद्राचा तळ वरखाली न होता आडवा सरकला, त्यामुळे पाणी फारसं उचललंच गेलं नाही. नशीब आमचं.

तर पहिली चूक हीच, बघायला जाणं. लाट डोळ्यांना दिसली म्हणजे पळायची वेळ गेली. त्यात कधीकधी लाटेच्या आधी पाणी मागे जातं, रोजच्या ओहोटीपेक्षा कितीतरी लांब आणि तेही काही मिनिटांत. आता आपल्याकडे खडपं उघडी पडली की कोयती-बालदी घेऊन कालवं काढायला उतरायची सवयच आहे. ओहोटीची वेळ नसताना पाणी गेलं तर बालदी तिथेच टाका आणि वर सुटा. पण पाणी मागे गेलं नाही म्हणून निवांत बसू नका, कधी ते थेट चढतंच.

'धरणी हलली नाही, मग कसली सुनामी?' असं म्हणणारे पण भेटतात. अहो, भूकंप हजारो किलोमीटर लांब असतो, इथे तो कळणार कसा? आणि पश्चिम किनारा सेफ हाही गैरसमजच. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानला, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. २००४ मध्ये सुमात्राकडून आलेल्या सुनामीत केरळातल्या कोल्लमकडे माणसं गेली. आपल्या जमेची बाजू एवढीच की मकरान आणि सुमात्रा दोन्ही लांब, त्यामुळे हातात काही तास मिळतात. ते व्हॉट्सअ‍ॅपवर घालवायचे नाहीत.

फॉरवर्डवरून आठवलं. सुनामीचा इशारा देणारी हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा पण देते, पावसाळ्यात तर कितीदा, आणि लोक त्यालाच सुनामी समजून घाबरतात, मग खऱ्या वेळी कोणी ऐकत नाही. मेसेजमध्ये शब्द नीट वाचा. सुनामी 'वॉर्निंग' म्हणजे निघा, 'अलर्ट' म्हणजे बीच आणि सखल भागापासून लांब राहा, 'वॉच' म्हणजे लक्ष ठेवा. सरकारचं सचेत अ‍ॅप मोबाईलवर टाकून ठेवा.

'आमचं घर समुद्रापासून आत आहे' ही चूक मला जास्त धोक्याची वाटते. लाट शापोरात, मांडवीत, साळ नदीत घुसते, मग खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे बांध आणि मानस (बांधातलं पाणी अडवायचं दार) तिला काय अडवणार! म्हणून नदीकाठच्या रस्त्याने किंवा पुलावरून पळू नका, सडा, म्हणजे वरचं पठार गाठा, आणि जमेल तर चालत. सीझनमध्ये आपल्या रस्त्यांवर गाडी काढाल तर तिथेच अडकाल. आईला घेऊन आम्ही एकदा सड्यापर्यंत चालून बघितलं, २२ मिनिटं लागली, मध्ये दोनदा बसली आणि तिसऱ्यांदा मलाच शिव्या. पण वेळ तरी कळली. चढ जमतच नसेल तर पक्क्या आरसीसी बिल्डिंगचा तिसरा मजला किंवा त्याच्या वर.

होडी सोडवायला जेटीवर धावणं पण नको. जे आधीच खोल पाण्यात आहेत त्यांनी बंदरात परत येऊ नये, खोलात ही लाट जाणवतही नाही, ती किनाऱ्यालाच उंच होते.

आणि एक लाट येऊन गेली म्हणून घर बघायला खाली उतरायचं नाही! मागच्या लाटा दहा मिनिटांनी, कधी तासाने येतात, आणि मोठी लाट पुढची असू शकते. सरकारने इशारा मागे घेईपर्यंत वरच थांबा.

बॅगेत औषधं, पाणी, कागदपत्रं, टॉर्च, पॉवर बँक. २०२१ च्या तौक्ते वादळात लाइट गेली तेव्हा कळलं ना मोबाईल किती तास टिकतो ते. निघताना गुरांची दावी सोडा.

खोल्या भाड्याने देत असाल तर सड्याची वाट कागदावर काढून दाराच्या आतून चिकटवा. आमच्याकडे प्रत्येक पाहुणा त्या कागदाचा फोटो काढतो, कारण खाली वायफायचा पासवर्ड लिहिलाय.